आधी आवाज ठरवा, मग तापमान

ग्राफिक्स कार्डाचा पंखा स्वतः चालवायला घेतलेल्या माणसाची नजर सहसा एकाच आकड्यावर खिळलेली असते. पडद्याच्या कोपऱ्यात ७८ अंश दिसले की पंखा वाढवायचा, ७१ दिसले की बरं वाटतं, मग ६८ जमतंय का ते बघायचं. तोवर टेबलाखालचा आवाज शेजारच्या खोलीत पोचलेला असतो आणि तो झाकायला हेडफोनही मोठा केलेला असतो. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. आपल्या कानाला किती आवाज चालतो ते आधी ठरवावं, पंख्याचा वरचा वेग तिथेच बांधून टाकावा आणि तापमान जिथे स्थिरावेल तिथे स्थिरावू द्यावं. ते मर्यादेच्या फार जवळ जात असेल तर पंख्याच्या मागे न लागता कार्डाच्या विजेला कात्री लावावी. ऐकायला हे आळशी माणसाचं तंत्र वाटेल, पण हिशेब मांडून बघितला की पंख्याकडून आपण किती कमी बदल्यात किती जास्त किंमत मोजतो ते लक्षात येतं.

पंखा तोच ठेवून फेरे दुप्पट केले, तर त्यातून जाणारी हवा दुप्पट होते, दाब चौपट होतो आणि पंखा स्वतः खातो ती वीज आठपट होते. कारखान्यातल्या भल्यामोठ्या ब्लोअरला लागू असलेले हे नियम कार्डावरच्या वीतभर पंख्यालाही तसेच लागू पडतात. आवाजाचा ढोबळ नियम असा की फेरे दुप्पट झाले की सुमारे १५ डेसिबल वाढतात. १० डेसिबलची वाढ आपल्या कानाला साधारण दुप्पट आवाजासारखी वाटते, म्हणजे १५ ची वाढ जवळजवळ तिप्पट. आता बदल्यात थंडावा किती मिळतो ते बघू. चिपमधली उष्णता आधी थर्मल पेस्टमधून तांब्याच्या पाट्यात जाते, तिथून हीट पाइपमधून ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांत, आणि पत्र्यांवरून हवेत. या प्रवासातला फक्त शेवटचा टप्पा पंख्याच्या हातात आहे. उदाहरणादाखल २०० वॅटचं कार्ड घेऊ. खोली २५ अंशांवर आणि चिप ७५ वर, म्हणजे ५० अंशांचा फरक. त्यातले १५ अंश चिप ते पत्रे या वाटेत पडतात आणि ३५ पत्रे ते हवा या वाटेत, असं धरू. वेग दुप्पट केल्यावर पत्र्यांवरून उष्णता उचलण्याचं काम दुप्पट होत नाही, साधारण दीडपटीच्या थोडं वर जातं. त्यामुळे ३५ चे २२ होतात, पण १५ जागचे हलत नाहीत. चिप ६२ वर येते. तेरा अंश मिळाले, आवाज तिप्पट झाला. पुन्हा एकदा वेग दुप्पट करणं जमलंच, तर त्या पुढच्या १५ डेसिबलना जेमतेम आठ अंश मिळतील.

हेच काम विजेच्या बाजूने करून बघू. कार्डाचे वॅट २० टक्क्यांनी कमी केले की ५० अंशांचा तो अख्खा फरकच २० टक्क्यांनी कमी होतो, कारण चिप ते पत्रे आणि पत्रे ते हवा अशा दोन्ही टप्प्यांतून आता कमी उष्णता वाहते आहे. पंख्याला हातही न लावता चिप ६५ वर येते. लगेच आक्षेप येतो की वीज कमी केली तर कामही कमी होणार, आणि पैसे तर पूर्ण कामाचे मोजले आहेत. तो रास्त आहे, फक्त त्याचं वजन वाटतं तितकं नाही. चिप चालताना लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि घड्याळाच्या गतीच्या सरळ प्रमाणात. व्होल्टेज १.०५ वरून ०.९५ वर आणलं आणि त्यासाठी घड्याळ ४ टक्के खाली घ्यावं लागलं, तरी विजेत सुमारे २१ टक्के बचत होते. चार टक्के सोडून एकवीस टक्के मिळतात. शिवाय कंपनीला लाखो चिपांना एकच सेटिंग द्यायचं असतं, त्यातली सगळ्यात मठ्ठ चिपही चालली पाहिजे म्हणून व्होल्टेज थोडं सढळ हातानेच दिलेलं असतं. अनेक कार्डं घड्याळ जराही न उतरवता थोड्या कमी व्होल्टेजवर निमूट चालतात. आरटीएक्स ४०९० सारख्या ४५० वॅटच्या कार्डात तर शेवटचे शंभर वॅट मुख्यतः चाचण्यांच्या तक्त्यात वरचा नंबर लागावा यासाठी खर्च होतात, असं मी बेधडक म्हणेन. अंडरव्होल्ट करण्याच्या भानगडीत पडायचं नसेल तर पॉवर लिमिटची पट्टी डावीकडे ओढली तरी बहुतेक काम भागतं.

आवाज, तापमान आणि काम यांपैकी दोन गोष्टी आपण ठरवल्या की तिसरी आपोआप ठरते, याचा जाहीर प्रयोग एएमडीने ऑक्टोबर २०१३ मध्ये करून ठेवला आहे. रेडिऑन आर९ २९०एक्स या कार्डावर एक बारीक खटका होता. एका बाजूला ‘क्वाएट’, दुसऱ्या बाजूला ‘उबर’. दोन्हींत चिपला ९५ अंशांपर्यंत जायची मुभा होती, फक्त पंख्याची कमाल मर्यादा एकात ४० टक्के होती तर दुसऱ्यात ५५. शांत बाजूला थोडा वेळ गेम चालला की तापमान ९५ ला टेकायचं, पंखा ४० टक्क्यांवर अडायचा, आणि मग १००० मेगाहर्ट्‌झपर्यंत जाणारं घड्याळ घसरायला लागायचं. त्या वेळी कार्डावर टीकेची झोड उठली. ९५ हा आकडा बघूनच लोक दचकले. माझ्या मते त्या कार्डाचा विचार बरोबर होता आणि हीटसिंक (म्हणजे पाटा, पाइप आणि पत्रे यांचा संच) वाईट होता. आवाजाचं छत आधी घालून बाकीचा हिशेब त्याच्याखाली बसवायचा, ही कल्पना कंपनीने ग्राहकाच्या हातात खटका देऊन मांडली होती. फक्त त्या छताखाली तीनशे वॅटच्या आसपासची उष्णता मावत नव्हती. उलट टोक बघायचं तर एनव्हिडियाचं २००३ चं जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा. त्याच्या आवाजामुळे त्याला हातातल्या व्हॅक्यूम क्लीनरचं टोपणनाव पडलं आणि कंपनीने स्वतःच त्यावर थट्टेची चित्रफीत काढली. वेगात ते कमी नव्हतं, पण आज ते त्या गोंगाटामुळेच लक्षात आहे.

दुसरा आक्षेप जरा जाणत्या मंडळींकडून येतो. चिप थंड असली की आपोआप जास्त वेगात धावते, मग थंड ठेवण्यात फायदाच नाही का? खरं आहे, धावते. २०१२ च्या जीटीएक्स ६८० पासून एनव्हिडियाची कार्डं तापमान आणि वीज बघून घड्याळ वरखाली करतात, आणि २०१६ च्या पिढीपासून मर्यादेच्या बरंच आधीपासूनच, दर काही अंशांमागे सुमारे १३ मेगाहर्ट्‌झची पायरी उतरत जातात. पण हिशेब करा. दहा अंशांमागे एखाददुसरी पायरी, म्हणजे १९०० मेगाहर्ट्‌झमधले तेरा ते सव्वीस. जेमतेम एक टक्का. सेकंदाला शंभर चौकटी दाखवणारा गेम एकशे एक दाखवेल. थंड चिपमधून गळणारी वीज थोडी कमी होते हेही खरं, पण तिने हे पारडं फिरत नाही. खरा फटका बसतो तो कार्ड स्वतःच्या तापमान-मर्यादेला टेकल्यावर. तिथे घड्याळ पायऱ्यांनी न उतरता गडगडतं. मर्यादेपासून आठदहा अंश खाली राहिलं की त्याखालच्या प्रत्येक अंशाला फारशी किंमत उरत नाही.

आयुष्याचं काय, हा तिसरा आणि सगळ्यात जास्त भीती घालणारा प्रश्न. दहा अंश वाढले की आयुष्य निम्मं, हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. ते मुख्यतः इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरांसाठीचं ढोबळ गणित आहे. जसंच्या तसं चिपला चिकटवण्यात अर्थ नाही. नव्वदच्या आसपास मर्यादा असलेली चिप ७५ वर चालणं हे तिच्या आखणीतच धरलेलं असतं. कार्डात आधी मरतो तो बहुधा पंखाच, कारण फिरणारा भाग तेवढाच असतो. त्याचं बेअरिंग जितके फेरे जास्त तितकं लवकर झिजतं. चिप वाचवायला पंखा सतत भरधाव ठेवणारा माणूस म्हणजे आधी झिजणारी वस्तू जास्त झिजवतो आहे. तापमानापेक्षा तापमानाची सततची चढउतार जास्त घातक ठरू शकते, याचा धडा २००८ मध्ये लॅपटॉपच्या जगाला मिळाला. एनव्हिडियाच्या काही चिपांमध्ये चिप आणि तिच्या बैठकीला जोडणाऱ्या साहित्यात कमतरता निघाली. गरम-थंड, गरम-थंड असं होत होत ते सांधे तडकायचे. जुलै २००८ मध्ये कंपनीने त्यापोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. डेलसारख्या कंपन्यांनी तातडीचा उपाय म्हणून काय केलं, तर बायोस बदलून पंख्याचं वेळापत्रक बदललं, म्हणजे तापमानाचे हेलकावे कमी होतील. आजच्या डेस्कटॉप कार्डांत तो दोष नाही, पण त्यावरून पंख्याच्या नियंत्रणाचा खरा उपयोग दिसतो. खालचा आकडा गाठण्यापेक्षा स्थिर आकडा राखणं हे त्याचं काम आहे.

मग कंपनीचंच ऑटो सेटिंग ठेवावं की! तिच्या अभियंत्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं, याबद्दल वाद नाही. पण त्यांना आपली खोली माहीत नाही. हीटसिंक चिपला खोलीच्या तापमानापेक्षा अमुक अंश वर ठेवतो, त्याला खोली बदलता येत नाही. परीक्षणांतले आकडे बहुतेक २० ते २५ अंशांच्या खोलीतले असतात. २२ अंशांच्या खोलीत ७० दाखवणारं कार्ड मे महिन्यात अकोल्याच्या किंवा नागपूरच्या ३८ अंशांच्या खोलीत, त्याच फेऱ्यांवर, ८६ दाखवेल. प्रत्यक्षात ते ८६ पर्यंत जाणार नाही, कारण त्याआधीच ऑटो सेटिंग पंखा पिटाळेल आणि घड्याळ उतरवेल. म्हणजे कोणत्या तापमानाला पंखा किती फिरावा हे ठरवणारी, कंपनीने शांत म्हणून आखलेली तीच रेषा पुण्यात डिसेंबरमध्ये निवांत असते आणि विदर्भात मे महिन्यात बोंब मारते. आपल्याकडची आणखी एक गोष्ट तिच्या हिशेबात नसते. उन्हाळ्यात डोक्यावर छताचा पंखा किंवा खिडकीत कूलर चालूच असतो, आणि त्या घरघरीत कार्डाचा थोडा वाढलेला आवाज विरून जातो. जास्त थंडावा हवा असतो नेमक्या त्याच महिन्यांत आपली आवाजाची सहनशक्तीही वाढलेली असते. त्यामुळे एकच रेषा बारा महिने वापरण्यात शहाणपण नाही. एमएसआय आफ्टरबर्नरसारख्या प्रोग्रॅममध्ये पाच प्रोफाइल साठवता येतात. त्यातले दोन उन्हाळा आणि हिवाळ्याला द्यावेत. उन्हाळ्याच्या प्रोफाइलमध्ये पंख्याचं छत थोडं वर आणि पॉवर लिमिट दहापंधरा टक्के खाली. एसी लावून खोली बंद करणाऱ्यांना हिवाळ्याचंच पुरेल.

आता रेषेचा आकार. फॅन कर्व्ह म्हणजे आडव्या अक्षावर तापमान, उभ्यावर पंख्याचे टक्के, आणि मधे आपण ओढलेले ठिपके. नवखा माणूस हमखास चढी रेषा काढतो, ५० ला ३० टक्के आणि ७५ ला ९०. त्यातून होतं काय ते जवळून बघण्यासारखं आहे. एखादं जड वेबपान उघडलं की चिप सेकंदाभरात दहाएक अंश उडी मारते. हीटसिंक मात्र अजून कोमटच असतो, त्याला तापायला काही मिनिटं लागतात. ती उडी चिप ते पत्रे या टप्प्यातली, म्हणजे पंख्याच्या हाताबाहेरची. तरी चढ्या रेषेमुळे पंखा लगेच गुरगुरतो, पान उघडून होतं, चिप खाली येते, पंखा पुन्हा मंद. दिवसभर हाच खेळ. आणि कानाला सततचा मध्यम आवाज जितका खुपत नाही तितका हा वरखाली होणारा खुपतो. म्हणून रेषा खालच्या भागात सपाट ठेवावी, साधारण ६० पर्यंत एकाच कमी वेगावर, मग हळूहळू चढ, आणि आपण ठरवलेल्या छतावर पुन्हा सपाट. छतापलीकडे मर्यादेच्या अगदी जवळ, ८५ च्या पुढे, एक ठिपका १०० टक्क्यांचा असू द्यावा. तो रोजच्या वापरासाठी नाही, काही बिघडलं तर वाचवण्यासाठी आहे. सोबत हिस्टेरेसिस नावाची सोय असते, तिच्यात चारपाच अंश भरले की तापमान तेवढं उतरेपर्यंत पंखा वेग सोडत नाही. २०१४ च्या सुमारास रूढ झालेल्या, कमी भारावर पंखे पूर्ण थांबवणाऱ्या कार्डांत हे विशेष लागतं. साठला पंखा सुरू, पंचावन्नला बंद, पुन्हा साठ, असा लपंडाव चालत असेल तर पंखा बंद ठेवण्याचा मोह सोडून तो किमान वेगावर अखंड फिरू दिलेला बरा. त्या वेगावर तो ऐकूही येत नाही.

उभ्या अक्षावरच्या टक्क्यांवर मात्र फार भरवसा ठेवू नये. पंख्याला चार तारा असतात: ग्राउंड, बारा व्होल्ट, फेरे मोजून परत कळवणारी आणि हुकूम देणारी. हुकमाच्या तारेवर सेकंदाला सुमारे पंचवीस हजार वेळा चालू-बंद होणारा संकेत जातो, आणि त्यातला चालूचा वाटा म्हणजे आपले टक्के. तेवढ्या टक्क्यांना प्रत्यक्ष किती फेरे पडतील हे त्या त्या पंख्यावर अवलंबून, जसं घरच्या रेग्युलेटरवरचं ‘३’ प्रत्येक पंख्याला वेगळं फिरवतं. २९०एक्सच्या बाबतीत हेच एएमडीला नडलं. ४० टक्के म्हटलं की एका कार्डाचे फेरे दुसऱ्यापेक्षा कमी पडायचे आणि कामातही फरक दिसायचा. अखेर नोव्हेंबर २०१३ च्या ड्रायव्हरमध्ये शांत बाजूची मर्यादा टक्के सोडून मिनिटाला २२०० फेऱ्यांना बांधली गेली. आपणही छत ठरवताना टक्क्यांची पट्टी एकेक पायरी वर नेत ऐकावं आणि शेजारी दिसणारे फेरे लिहून ठेवावेत. एखाद्या ठरावीक वेगावर आवरण झणझणतं, तिथून दोनशे फेरे खाली-वर केलं की गप्प होतं. अनेक कार्डांवर तीसएक टक्क्यांखाली हाताने जाताच येत नाही, हेही याच वेळी कळून येतं.

रेषा कशाच्या तापमानावर बेतली आहे, हा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. चिपचं सरासरी तापमान, तिच्यावरच्या सर्वांत गरम जागेचं तापमान आणि मेमरीचं तापमान हे तीन वेगळे आकडे आहेत. २०१९ च्या रेडिऑन सेव्हनमध्ये चिपवर ६४ संवेदक होते, आणि त्यानंतरच्या आरएक्स ५७०० एक्सटीबद्दल एएमडीने सर्वांत गरम जागा ११० अंशांपर्यंत जाणं अपेक्षितच असल्याचं सांगितलं. आरटीएक्स ३०९० मध्ये चिप ७० वर निवांत असताना जीडीडीआर६एक्स मेमरी शंभरी गाठू शकते. चिपकडे बघून आखलेल्या शांत रेषेला याचा पत्ताच लागत नाही. माझ्या मताविरुद्धचा सर्वांत बळकट मुद्दा मला हाच वाटतो, आणि अशा कार्डावर छत ठरवण्याआधी मेमरीचा आकडा बघायलाच हवा. तरीही पंखा वाढवणं हे तिथेही पहिलं उत्तर असेलच असं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या काही आरएक्स ७९०० एक्सटीएक्स कार्डांत पंखा जोरात फिरूनही गरम जागा ११० ला जाऊन अडत होती. दोष निघाला तो व्हेपर चेंबरमध्ये. त्या बंद तांब्याच्या डबीत उष्णता वाहून नेणारं द्रव कमी भरलं गेलं होतं. पंखा कितीही फिरवला तरी डबीतलं द्रव वाढणार नव्हतं. सरासरी आणि सर्वांत गरम जागा यांतली दरी पंधरावीसवरून तिशीपलीकडे गेली की संशय पेस्टवर किंवा बसवणीवर घ्यावा.

हाताने चालवण्यात धोका आहे का? आहे, आणि तो कंपन्यांनाही चुकलेला नाही. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाचा १९६.७५ हा ड्रायव्हर पंखा नीट वाढवत नसल्याच्या तक्रारींमुळे मागे घ्यावा लागला. नोव्हेंबर २०१५ मध्ये एएमडीच्या नव्या क्रिमसन ड्रायव्हरने काही संगणकांवर पंखा कमी वेगावरच अडकवून ठेवला आणि काही दिवसांतच दुरुस्ती काढावी लागली. म्हणून एकच ठरावीक टक्केवारी भरून निघून जाण्यापेक्षा रेषा दिलेली बरी, आणि ती रेषा प्रोग्रॅमऐवजी कार्डाच्या फर्मवेअरमध्ये बसत असेल तर आणखी बरी, कारण प्रोग्रॅम बंद पडला तरी ती चालू राहते. लिनक्सवर एएमडीच्या जुन्या कार्डांना ० ते २५५ मधला आकडा थेट लिहिता येतो, पण मग पुढची जबाबदारी लिहिणाऱ्याची. नव्या पिढीसाठी कर्नलच्या ६.७ आवृत्तीपासून फर्मवेअरलाच रेषा देण्याची वाट आली, ती अधिक शहाणी आहे.

कॅबिनेटचा विचार न करता हे सगळं करणं व्यर्थ आहे. कार्डाचे पंखे उष्णता कॅबिनेटबाहेर टाकत नाहीत, बहुतेक वेळा आतच ढवळतात. आत ३५० वॅट सुटत असतील आणि बाहेर सेकंदाला फक्त २० लिटर हवा जात असेल, तर आतली हवा खोलीपेक्षा सुमारे १५ अंश गरम होते आणि कार्ड तीच ओढतं. समोर काच लावलेल्या देखण्या कॅबिनेटचं बाजूचं झाकण उघडून बघावं. तापमान पाचसात अंश पडलं तर फॅन कर्व्हवर घालवलेली संध्याकाळ पुढच्या दोन पंख्यांवर घालवायला हवी होती.

छत ठरलं की त्या दिवशी खोलीचं तापमान, कार्डाचे वॅट, फेरे आणि चिपचं तापमान असे चार आकडे कुठेतरी टिपून ठेवावेत. पंखा बांधलेला असल्यामुळे सहा महिन्यांनी तेवढ्याच वॅटना आणि तेवढ्याच फेऱ्यांना चिप आणि खोली यांतला फरक आठदहा अंशांनी वाढलेला दिसला, तर कारण धूळ किंवा वाळलेली पेस्ट. ऑटोवर हा बदल लपून राहतो, कारण पंखा गुपचूप वेग वाढवून तो भरून काढत असतो. धूळ काढताना संगणक बंद करून वायर काढावी, आणि ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी; मोकळी सोडली तर ती नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेगाने गरगरतात आणि बेअरिंग तिथेच खराब होतं.